खांद्यावर ठेवलेला हात

जर्मनीतल्या आमच्या विद्यापीठाला स्वतःचे पोलीस नाहीत. असतो तो खासगी कंपनीचा पहारेकरी: निळा गणवेश, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात वॉकीटॉकी. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये पीएचडी करणाऱ्या मराठी मुलांनी त्याचं नाव 'पोलीसकाका' ठेवलं होतं आणि त्याला त्याचा अर्थही समजावून सांगितला होता. तेव्हापासून त्या मुलांना फोन केला की तो स्वतःची ओळख पोलीसकाका अशीच द्यायचा. उच्चार भयंकर होता.

मी त्या इमारतीची व्यवस्थापक. गळणारे नळ, बंद पडलेली लिफ्ट, हरवलेल्या चाव्या ही माझी खाती. पहाऱ्याची कंपनी वेगळी असली तरी पहारेकऱ्याबद्दलच्या तक्रारी माझ्याकडेच यायच्या. पोलीसकाकांबद्दल दोन आल्या होत्या, दोन्ही एकाच कारणाने. त्यांना माणसांना हात लावायची सवय होती. संध्याकाळी इमारत बंद करायच्या वेळी कुणी रेंगाळत असेल तर ते त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला हळूहळू दाराकडे नेत. पुण्यात याची कुणी तक्रार केली नसती. इथे लिखित नियम आहे: कुणालाही स्पर्श करू नये, अंतर ठेवावं, गरज पडल्यास पोलिसांना बोलवावं. मी त्यांना बोलावून तो नियम वाचून दाखवला. ते "या, या", म्हणजे हो, हो, म्हणाले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्या नोव्हेंबरमध्ये आमच्याकडचा एक जुना संशोधक संध्याकाळी दारात आला. त्याचं कंत्राट संपलं होतं, प्राध्यापकांना त्याने धमक्या दिल्या होत्या, म्हणून त्याला हाउसफेरबोट, म्हणजे इमारतीत पाय ठेवायला बंदी होती. पोलीसकाका बाहेर गेले. दारावरच्या कॅमेऱ्यात सगळं दिसतं, ऐकू काही येत नाही. दोघं बोलतात. पोलीसकाका त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. तो जॅकेटमधून सुरी काढतो. अँब्युलन्स लगेच आली, उपयोग झाला नाही. तो माणूस दोन गल्ल्यांपलीकडे बसस्टॉपवर सापडला. बस उशिरा होती. मी त्या वेळी घरी पोळ्या लाटत होते.

पंधरा दिवसांनी पोलीसकाकांची बायको कपाटातलं सामान न्यायला आली. मी किल्ली घेऊन सोबत गेले. साठीच्या आसपासची, उंच, केस बारीक कापलेले. सामान फारसं नव्हतं: सपाता, छत्री, टॉर्च आणि मराठी मुलांनी दिलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी, निम्मी संपलेली. तिने बरणी उजेडात धरून पाहिली.

"म्हणजे हे खरंच खात होते," ती म्हणाली. "मला वाटायचं मला चिडवायला सांगतात."

मग तिने पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "त्यांचं काही चुकलं का?"

मी म्हटलं, मला माहीत नाही, मी तिथे नव्हते. तिने मान हलवली. मला वाटतं, तोवर भेटलेल्या सगळ्यांनी तिला "नाही, नाही, मुळीच नाही" असं सांगितलं होतं आणि ती त्याला कंटाळली होती.

खटला उभा राहिला तेव्हा बचावाची बाजू कळली. आरोपीने सुरी चालवली हे कुणी नाकारत नव्हतं. वकिलाचं म्हणणं होतं की आधी हल्ला पहारेकऱ्याने केला, नियम मोडून हात टाकला, आरोपी घाबरला, म्हणून शिक्षा कमी व्हावी. इथे मृताच्या नातेवाइकांना सरकारी वकिलाच्या बाजूने खटल्यात भाग घेता येतो. तशी ती बसली होती. तिने मला फोनवर स्पष्ट सांगितलं, "किती वर्षं ते कोर्टाने बघावं. मला एवढंच हवंय की निकालात लिहिलेलं असावं: त्यांनी हल्ला केला नाही. नाहीतर माझा नवरा भांडण काढून मेला असं कायमचं लेखी राहील."

मला साक्षीचं समन्स आलं. आमच्या घरात त्यावर चर्चा झाली. सासूबाई पुण्याहून व्हिडिओवर होत्या.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," त्या म्हणाल्या.

"अहो आई, इथे समन्स आल्यावर नाही चढली तर दंड होतो."

"मग आजारी पड."

नवरा सॉफ्टवेअरवाला. त्याने जबाबदारीने सल्ला दिला. "विचारलं तेवढंच सांगायचं. एक शब्द जास्त नाही. तुला सवय आहे विस्ताराची."

"मला?"

"बघ, सुरू झालं."

मुलगी जर्मनमध्ये म्हणाली की बाबांना कोर्टाची माहिती फक्त सिनेमांतून आहे. ती खरं तर माझीही तेवढीच होती, म्हणून मी सल्ला घेतला.

साक्षीच्या दिवशी दारात सामान तपासणाऱ्या माणसाने माझा डबा उघडून हुंगला आणि बंद करून परत दिला. आत सगळे खालच्या आवाजात बोलत होते. पहिल्या रांगेत पोलीसकाकांची बायको, शेजारी तिचा वकील, समोर आरोपी, इस्त्रीचा शर्ट घालून. तो मला ओळखीचं हसला. मी एकदा त्याच्या खोलीचा हीटर बदलून घेतला होता. मी हसले नाही.

बचावाच्या वकिलाने सुरुवात केली.

"मृत व्यक्तीला लोकांना हात लावायची सवय होती?"

"हो."

"त्याबद्दल तक्रारी होत्या?"

"दोन."

"तुम्ही त्यांना नियम दाखवून समज दिली होती?"

"हो."

"त्यानंतर ही सवय सुटली?"

"नाही."

"आभारी आहे," तो म्हणाला आणि खरंच आभारी दिसला.

मी विचारलं तेवढंच सांगितलं होतं. सगळं खरं होतं. पहिल्या रांगेत ती टेबलाकडे बघत होती आणि टेबलावर काही नव्हतं. मला नवऱ्याचा राग आला, पण तो ऑफिसात होता.

मग न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "तक्रारी कुणी केल्या होत्या?"

"दोन्ही एकाच प्राध्यापकांनी. ते इमारत बंद व्हायच्या वेळी दारात उभे राहून फोनवर बोलतात. पहारेकऱ्याने त्यांना पाठीवर हात ठेवून बाहेर नेलं. दोन्ही वेळा."

"समज दिल्यावर पहारेकरी काय म्हणाले?"

"हो, हो म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला."

मागे कुणीतरी हसलं.

"तुम्हाला तो हल्ला वाटला?"

"नाही. मला वाटलं, हा माणूस माझं ऐकणार नाही. आणि तसंच झालं."

"किती जोर होता? दाखवू शकाल?"

आरोपीवर दाखवणं शक्य नव्हतं. कोर्टाचा शिपाई पुढे आला, चांगला धिप्पाड. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पोलीसकाका ठेवायचे तसा: तळवा पूर्ण टेकवून, बोटं सैल. शिपाई म्हणाला, "असा हात मला बेकरीच्या रांगेत रोज लागतो." न्यायाधीश त्याला म्हणाल्या की तो साक्षीदार नाही. तो सॉरी म्हणून जागेवर गेला. मग त्यांनी कॅमेऱ्याचं चित्रण पुन्हा लावलं आणि त्या हातावर थांबवलं. बराच वेळ ते तसंच पडद्यावर होतं. बोटं सैल होती. मी ते चित्रण आधी पाहिलेलं नव्हतं. मला पाणी दिलं गेलं, ते मी प्यायले.

मधल्या सुट्टीत पोलीसकाकांची बायको आणि मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलो. मी डबा उघडला, तिने पोळी-भाजी न विचारता घेतली.

"तक्रारी दोनच?" ती म्हणाली. "मला तर पाच सांगायचे. फुशारकी."

निकालाला सगळे उभे राहिले. इथे निकाल 'जनतेच्या नावाने' सुनावतात. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, तरी मी उभी राहिले. मनुष्यवधासाठी शिक्षा झाली, सरकारी वकिलाने मागितली होती त्यापेक्षा बरीच कमी, कारण आरोपीने गुन्हा कबूल केला होता आणि आधीची नोंद नव्हती. मग न्यायाधीशांनी कारणं सांगितली. त्यात म्हणाल्या की पहारेकऱ्याने नियम पाळला नाही हे खरं आहे. खांद्यावर ठेवलेला हात हा हल्ला नव्हता, आणि कुणाही समजदार माणसाला तो तसा वाटला नसता, हेही खरं आहे.

ती हलली नाही. तिचा वकील मात्र बाहेर येताच तावातावाने बोलू लागला. शिक्षा फार कमी आहे, हा सरळ खून होता असं म्हणून वरच्या कोर्टात जाता येईल, आठवड्याची मुदत आहे, जिंकलो तर जन्मठेप.

"आणि वरच्या कोर्टाने निकाल रद्द केला तर?" तिने विचारलं.

"तर पुन्हा सुनावणी. नव्याने."

"हाताचीही?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. सगळ्याचीच."

"मग नको."

"तुम्ही विचार करा. वर्षांचा प्रश्न आहे."

"वर्षं तुमच्याकडे ठेवा," ती म्हणाली. "माझं काम झालंय."

ते पूर्ण झालेलं नव्हतं. अपील आरोपीही करू शकत होता, सरकारी वकीलही. तो आठवडा ती मला रोज फोन करायची आणि हवामानाबद्दल बोलायची. मी दोन मिनिटं बोलायचे, मग मला मीटिंग असायची, खरोखरची. सासूबाईंनी विचारलं, संपलं का एकदाचं? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, तरी सांगत होते.

मुदतीनंतरच्या सकाळी मी तळघरात पाण्याच्या पंपाजवळ होते तेव्हा तिचा फोन आला. कुणीच अपील केलं नव्हतं. निकाल कायम झाला होता.

"आता ते बदलता येत नाही," ती म्हणाली. "मी दोनदा विचारून घेतलं."

"छान झालं."

"शिक्षा कमीच आहे."

"हो," मी म्हटलं. "कमीच आहे."

पंपाचा आवाज होता. मग ती म्हणाली की तिला निकालाची प्रत मुलाला पाठवायची आहे, तो ऑस्ट्रेलियात असतो, आणि त्याला फक्त हाताबद्दलचं ते एक पान पाठवावं की सगळा निकाल?

मी म्हटलं, सगळा पाठवा. नियमाचं पानही.