जू नसलेला मानाचा बैल

माझा प्रयोग चुकलेला नव्हता. मला ते पक्कं ठाऊक होतं. पण नांदेडच्या आमच्या लॅबमध्ये ते मोठ्याने म्हणायची वेळ आली की माझी नजर टेबलावर खिळायची.

पेशींना वाढायचा निरोप देणाऱ्या एका प्रोटीनवर मी पीएचडी करत होते. ते एन्झाइम आहे. शेजारच्या प्रोटीनांना फॉस्फेट चिकटवतं. माझं औषध त्याच्या कामाच्या खाचेत बसून हे चिकटवणं बंद पाडायचं. तपासलं, तर ते बंद पडलेलंही होतं. तरी पेशी वाढतच होत्या.

"वाढतायत म्हणजे औषध पोचलंच नाही. मोजण्यात चूक आहे तुझ्या," माझे गाइड असलेले सर म्हणाले. "पीएचडीच्या समितीलाही हेच वाटलं, तर विषय बदलावा लागेल."

मध्ये पोळा आला. उदगीरजवळच्या आमच्या गावी मारुतीसमोर सगळ्या बैलजोड्या खोळंबल्या होत्या. मानाचा बैल आमचा, आणि तो रमतगमत येत होता. म्हातारा झालाय, खांद्यावरचं जू उतरून बरीच वर्षं झाली.

"आता हा करतो काय?" मी चुलतभावाला विचारलं.

"कायबी न्हाई. नुसता हाय," तो हसला. "पर ताई, ह्याच्या मागं कोण, त्याच्या मागं कोण, समदं ह्याच्यावरनं ठरतंय. ह्याला आज गोठ्यात ठिव, मंग बघ तमाशा!"

समितीपुढे मी इंग्रजीतलं पाठ केलेलं भाषण सोडलं आणि मराठीत बोलले. "हे प्रोटीन म्हणजे पोळ्याचा मानाचा बैल. औषधाने त्याचं जू काढलं, पण बैल उभाच आहे. बाकीची प्रोटीनं त्याला धरून रांगेला लागतात. मला दुसऱ्या प्रकारचं औषध हवंय. ते या प्रोटीनवर खूण करतं आणि पेशीकडूनच त्याचा निकाल लावून घेतं."

"तरीही पेशी वाढल्या तर?" बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं.

"तर माझं चुकलं. विषय बदलीन."

औषध मागवायची परवानगी मिळाली.

ते आल्यावर दोन्ही प्लेट शेजारी लावल्या. जुन्या औषधाच्या प्लेटमध्ये पेशींची दाटी होती. नव्या औषधाच्या प्लेटमध्ये तुरळक पेशी, त्याही आक्रसलेल्या. सर मायक्रोस्कोपवर बराच वेळ वाकून होते.

"विषय हाच राहू दे," ते शेवटी म्हणाले. मग डोळा न काढताच, "नाव काय गं तुमच्या बैलाचं?"

मी सांगितलं.