आमच्या कॉलेजची गोलकीपर

आमचं कॉलेज शहरातल्या भंवरकुआं भागात, एका कोचिंग क्लासच्या वरच्या दोन मजल्यांवर. मी तिथे कॉमर्स शिकवते. स्पोर्ट्सचं काम घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून मुलींच्या फुटबॉल टीमचीही मॅडम झाले. मैदान नाही, कोच नाही, अकरा जणी जमवतानाच माझी दमछाक. त्यात खरी खेळाडू एकच, शहराबाहेरच्या सिमरोल गावाहून बसने येणारी आमची गोलकीपर. तिची आई तिकडच्या एका मोठ्या इन्स्टिट्यूटच्या मेसमध्ये पोळ्या करते.

गेल्या वर्षी युनिव्हर्सिटीच्या स्पर्धेत आमची पहिलीच मॅच शहरातल्या सगळ्यात तगड्या कॉलेजशी पडली. बॉल जवळजवळ पूर्ण वेळ आमच्याच गोलसमोर होता. ती झेप घ्यायची, मातीत लोळायची, उठून परत उभी राहायची. पेनल्टीसुद्धा अडवली तिने. शेवटी आमच्याच एका मुलीच्या गुडघ्याला लागून बॉल आत गेला आणि आम्ही हरलो.

मी तिच्या सोललेल्या कोपरांवर पाणी ओतत होते, तेवढ्यात समोरच्या टीमचे कोच आले. "मॅडम, इस बच्ची को सिखाता कौन है?"

"कोई नहीं, सर."

ते तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. ती मला म्हणाली, "मॅडम, मी तर बस उभी होते. त्या माझ्यावरच मारत होत्या ना!"

स्पर्धा संपल्यावर युनिव्हर्सिटीतून फोन आला. सर्वोत्तम गोलकीपर म्हणून तिची निवड झाली होती. पहिल्याच दिवशी बाहेर पडलेल्या टीमची मुलगी? मी दोनदा विचारून घेतलं. मग कळलं, त्याच कोचनी निवड समितीपुढे तिचं नाव लावून धरलं होतं.

सत्काराला ती, तिची आई आणि मी अशा तिघी गेलो. हॉल भरलेला, पुढच्या रांगांत ब्लेझर घातलेल्या विजेत्या मुली. तिचं नाव पुकारलं गेलं, पण कॉलेज भलतंच, एक मोठं, नावाजलेलं. मी तिला कोपराने ढोसलं. ती हलेना.

"अगं, जा ना!"

"आपलं कॉलेज नाही म्हटलं त्यांनी."

परत पुकारा झाला, परत तेच. आईचा चेहरा उतरला. आणि पुढच्या रांगेतून आम्हाला हरवणाऱ्या त्या विजेत्या टीमची कॅप्टन उभी राहून ओरडली, "सर, कॉलेज गलत बोल रहे हो!" तिने आमच्या कॉलेजचं नाव खणखणीत सांगितलं. निवेदकाने माफी मागून ते माइकवरून नीट उच्चारलं, तेव्हा कुठे आमची पोरगी उठली. ती स्टेजकडे निघाली आणि पुढच्या रांगा टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. इतकी वर्षं कोणी 'कुठे शिकवता?' विचारलं की मी हळू आवाजात सांगायचे. त्या दिवशी शेजारच्या अनोळखी बाईंना आपण होऊन सांगितलं, "आमच्या कॉलेजची आहे."

संध्याकाळी दोघींना सिमरोलच्या बसपर्यंत सोडायला गेले. ट्रॉफी आईच्या मांडीवर होती. कंडक्टरने विचारलं, "लड़के की है क्या, अम्मा?"

"लड़की की," आई म्हणाली आणि ट्रॉफी त्याला दिसेल अशी फिरवून धरली. "गोलकीपर है."