गंगानगरला न गेलेले आम्ही चौघे

झालेल्या सहलीचे किस्से फार पुरत नाहीत. फोटो दाखवून झाले, कुठे काय खाल्लं ते सांगून झालं, की संपलं! न झालेल्या सहलीचं तसं नसतं. ती दरवर्षी ठरते, दरवर्षी फिसकटते आणि दरवर्षी दोन-चार किस्से मागे टाकून जाते. आमच्याकडे सात वर्षांचे साठलेत. पूर्वी सांगताना मजा यायची. आता शेषरावदादा नाहीत.

आम्ही चौघे भाजीवाले, म्हणजे पिकवणारे. केनवडचे शेषरावदादा वयाने सगळ्यांत मोठे. गजानन, ज्याच्याकडे मोठा फोन. विठ्ठल, ज्याच्याकडे कायम शंका. आणि मी. पहाटे रिसोडच्या मंडीत माल उतरवायचा, हर्रासी, म्हणजे लिलाव, आटोपली की नऊच्या सुमारास समोरच्या टपरीवर चहा. सहल ठरायची ती याच चहावर, आणि मोडायचीही तिथेच.

*

सुरुवात वाशिम स्टेशनवर झाली. विठ्ठलच्या पाहुण्यांना सोडायला आम्ही चौघे गेलो होतो. समोर एक गाडी उभी होती. डब्यावर पाटी: श्रीगंगानगर. दादांनी खिडकीतल्या एका सरदारजींना विचारलं, "ये कहां आया, भाई?"

ते म्हणाले, राजस्थानात, एकदम वर. आजूबाजूला नुसती रेती, उन्हाळ्यात अंग भाजून निघतं. पण पंजाबातून नहर, म्हणजे मोठा कालवा, येते आणि तिच्यावर गहू, कापूस, संत्र्यासारखे किन्नू, सगळं पिकतं.

गाडी निघून गेली तरी दादा रुळांकडे बघत उभे. त्यांची विहीर दर एप्रिलमध्ये तळ दाखवायची. उन्हाळ्यात वांग्याची चार झाडं जगवायची तर घागरीने पाणी घालावं लागायचं.

"रेतीत पाणी वाह्यते म्हन्ते तो! एकडाव पाहाले पाह्यजे बे," ते म्हणाले.

बस, एवढंच हवं होतं त्या माणसाला. भर उन्हाळ्यात वाहतं पाणी एकदा डोळ्यांनी बघायचं.

*

जायचं कधी, यावर पहिलं भांडण. आम्ही तिघे म्हणायचो थंडीत. दादा मे महिन्यावर अडून बसलेले.

"दादा, मे मंदी तिथं मानूस शिजते!" गजाननने फोनवरचं तापमान दाखवलं.

"शिजू दे. हिवाळ्यात पाणी पाहाले इतक्या दूर कायले जा लागते? हिवाळ्यात तं माह्या विहिरीतबी असते!"

विठ्ठलने फोन हातात घेतला. आधी गंगानगर पाहिलं, मग रिसोड पाहिलं.

"तिथं सत्तेचाळीस, इथं त्रेचाळीस. चार डिग्रीसाठी दोन दिवस गाडीत बसाचं का?"

त्या वर्षीची सहल चार डिग्रीवर मोडली.

*

पुढच्या वर्षी तडजोड झाली, मार्चअखेर. पण भाजीवाल्याला सुट्टी कुठली! आज माझी भेंडी, उद्या विठ्ठलचे टमाटर. चौघे एकदम मोकळे कधीच नसायचो. यावर गजाननने तोड काढली.

"चौघंबी एकाच दिवशी सांबार टाकू. एकाच दिवशी निघन, अन् दुसऱ्या दिवशी गाडी!"

सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, दीड महिन्यात हातात येते. डोकं चाललं होतं बरं का! सगळ्यांनी पाठ थोपटली.

टाकला. निघाला. आणि जायच्या आदल्या दिवशी चौघांचा सांबार एकाच मंडीत, एकाच वेळी उतरला. जिकडे बघावं तिकडे हिरवे ढीग! गिऱ्हाईक जुडीला हात लावेना.

हर्रासी करणारा कपाळाला हात लावून म्हणाला, "काहो, तुमी एकामेकाशी बोलत नाई का?"

"बोलूनच तं केलं!" दादा म्हणाले.

पुढचे चार दिवस आम्ही तो सांबार गावोगावच्या बाजारात विकत फिरलो. गाडी आमच्याशिवाय गेली.

*

एक छोटासा. दादांनी एकदा सामानाची यादी सांगितली. दोन धोतरं, मिरचीचा ठेचा आणि एक रिकामी बाटली.

"रिकामी कायले, दादा?"

"नहरीचं पाणी आनतो त्यात. माह्या विहिरीले दाखवतो. पाह्य म्हनतो, हे मे मंदलं हाये!"

*

एकदा तर तिकिटंसुद्धा निघाली! गजाननने जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही फोनवरून काढलं. येण्याचं पक्कं झालं. जाण्याचं वेटिंगवर होतं, ते वेटिंगवरच राहिलं.

"म्हंजे यायची सोय झाली, जायची नाई!" विठ्ठल म्हणाला. गजाननला इतकं लागलं की तो चहा न पिता घरी गेला.

परतीच्या तारखेला दादा आमच्याआधी टपरीवर हजर. आम्हाला बघून उठून उभे राहिले.

"या, या! कसा झाला प्रवास?"

"ऊन लय होतं बाप्पा," विठ्ठल म्हणाला.

"अन् नहर?"

विठ्ठल गजाननकडे बघायला लागला. मग दादाच म्हणाले, "भरून वाहत होती. मी पाह्यली."

त्या दिवशी पोट धरून हसलो होतो.

*

मागच्या मे महिन्यात दादा एक दिवस मंडीत आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी आले आणि चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाले, "उन्हाळ्यात नको. थंडीत जाऊ."

सात वर्षांचा हट्ट, आणि एका दिवसात सुटला! आम्ही निवडणूक जिंकल्यासारखे भजे मागवले.

"आता कसं शहान्यासारखं बोलले, दादा!" गजानन म्हणाला. दादा नुसते हसले. असं अचानक काय झालं, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.

मग थंडी आली. गजाननच्या घरी लग्न निघालं. तिकडे धुक्यात गाड्या अडकतात, अशी विठ्ठलला शंका आली. आणि माझी फुलकोबी काढणीला आलेली. खरं सांगतो, आठ दिवस बायकोने ती सहज सांभाळली असती. ती म्हणालीही, "जा तुमी, मी पाहातो." मीच टपरीवर सगळ्यांसमोर म्हणालो, "पुढच्या साली जाऊ ना! दादा कुठं पळून चालले का?"

दादाही सगळ्यांबरोबर हसले.

फेब्रुवारीत ते वांगी तोडता तोडता बांधावर टेकले, ते उठलेच नाहीत. त्या कोबीचं पुढे काय झालं, मला आठवत नाही. मी बोललो ते मात्र रोज आठवतं.

*

तेरवीच्या दिवशी जेवणं आटोपल्यावर वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, आम्हा तिघांजवळ येऊन बसल्या.

"तुमाले त्याइनं सांगतलं नसन," त्या म्हणाल्या. "मागच्या मे मंदी ते वाशिमवरून त्या गाडीत बसले होते."

"गंगानगरच्या?" विठ्ठलने विचारलं.

"हो. अकोल्यापर्यंत. डब्यात तिकडचे लोक भेटतीन, त्याइले नहरीचं नीट इचारतो म्हने. एक घरानं भेटलं. ते म्हने, उन्हाळ्यात कदी कदी सफाईसाठी नहर बंद ठेवतात, तुमी थंडीत या, तवा भरून वाह्यते. मंग अकोल्याले उतरले, अन् एसटीनं घरी आले."

गजाननने विचारलं, "पन वैनी, थंडीत आमी नाई म्हटलं, तवा एकटे काहून नाई गेले? गाडी तं थेट जाते."

"मी तेच म्हटलं. पिशवीबी भरून देल्ली," वहिनी म्हणाल्या. "तं म्हने, मी एकटा पाहून आलो अन् येऊन सांगतलं, तं मंग ते तिघं कायले जातीन?"