आयरिनच्या घरचा स्टॅम्प पेपर

गिरिजा सामंत यांनी कादंबरी लिहायचं ठरवलं तेव्हा त्यांना साठावं लागलं होतं. टेलिफोन खात्यातली नोकरी संपली होती, गिरगावातली खोली सोडून भाईंदर पूर्वेला नवघरच्या फ्लॅटमध्ये येऊन दहा वर्षं झाली होती, आणि आता वेळ हाताशी होता. विषय मात्र जुना होता. ऑफिसातल्या त्यांच्या एका मैत्रिणीने मुलगी दत्तक असल्याचं मरेपर्यंत लपवलं. मुलीला ते कळलं आईच्या तेराव्याला, कुण्या आत्याच्या तोंडून. त्या मुलीचा चेहरा गिरिजाबाईंच्या मनातून जात नव्हता.

त्यांनी पद्धतशीर सुरुवात केली. वहीत प्रत्येक पात्राला दोन पानं दिली: वय, शिक्षण, आवडीनिवडी, कशाचा राग येतो. जागा निवडली भाईंदरजवळचं उत्तन. तिथे एकदा सोसायटीची सहल गेली होती, समुद्र होता, चर्च होतं, बरं दिसेल. कथानकही जुळलं. १९९६ साल, एक कोळी ख्रिस्ती जोडपं, कोर्टात न्यायाधीश दत्तकाचा हुकूम देतात, पुढे अठरा वर्षं गुपित, आणि मग स्फोट.

ही वही पिशवीत घेऊनच त्या एका शुक्रवारी भाईंदर पश्चिमेच्या मासळीबाजारात गेल्या. आयरिन तिथे तीस वर्षांपासून बसत होती. उत्तनची, पासष्टीची, हाताने झपाझप बोंबील साफ करणारी. पिशवीतून पाकीट काढताना वही खाली पडली आणि आयरिनने ती उचलून दिली.

"कसला अभ्यास करताय या वयात?"

"कादंबरी लिहितेय. दत्तक मुलीवर."

आयरिनने सुरी थांबवली नाही. "मग माज्या क्लेअरला इचारा ना. आमी तिला दहा महिन्यांची आणली."

बाजूला दोन गिऱ्हाइकं उभी होती, पलीकडे चार कोळणी बसल्या होत्या. गिरिजाबाईंनी उगाच आवाज हळू केला. "सगळ्यांसमोर सांगता?"

"गावाला ठावं हाय, पोरीला ठावं हाय. लपवायचं कोनापासून?"

पुढच्या रविवारी गिरिजाबाई बसने उत्तनला गेल्या. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते, आणि त्यांच्या मागे आयरिनचं कौलारू घर. ओट्यावर आयरिनचा नवरा व्हिक्टर जाळं विणत बसला होता. क्लेअर तीस वर्षांची; भाईंदरला चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची नोकरी करत होती. तिने चहा आणला आणि न सांगता समोर बसली.

गिरिजाबाईंनी वही उघडली. पहिला प्रश्न कोर्टाचा होता. "दत्तकाचा हुकूम मिळाला तो दिवस आठवतो?"

"दत्तकाचा मिळालाच न्हाय," व्हिक्टर म्हणाला. "आमा ख्रिस्ती लोकांना तवा कायद्याने दत्तक घेता येत नव्हतं. कोर्टाने आमाला पालक केलं. फक्त पालक."

गिरिजाबाईंची पेन्सिल थबकली. त्यांच्या कथानकाचा पहिला खांबच गेला होता.

"आणि तो कागद अठराव्या वर्षी संपतो," आयरिन म्हणाली. "वकील बोलला, पोरगी सज्ञान झाली का तुमी तिचे कोनी न्हाय. मी घरी आले आनि दोन दिवस जेवले न्हाय. सतरा वर्षं वाढवलेली पोर, आनि कागदावर कोनी न्हाय."

"मग काय केलंत?"

"मृत्युपत्र केलं. घर तिच्या नावावर. मंग तिला समोर बसवली. बोलले, बाय, कागद संपला. आता तुजं तू ठरव. आमाला सोडून जायचं असंल तर आमी धरून ठेवनार न्हाय."

पुढचं क्लेअरने सांगितलं.

"आंटी, मला राग आला होता. मला विचारायचं काय त्यात? मी दुसऱ्या दिवशी शंभरचा स्टॅम्प पेपर आणला आणि त्यावर लिहिलं. मी, क्लेअर, वय वर्षं अठरा, शुद्धीत राहून व्हिक्टर आणि आयरिन यांना माझे आईबाप म्हणून ठेवून घेत आहे. शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या. वकिलाला दाखवला तर तो हसला. म्हणाला, याला कायद्यात काही किंमत नाही."

"मंग मी तो कपाटात ठेवला," व्हिक्टर जाळ्यावरची नजर न काढता म्हणाला.

गिरिजाबाईंनी कागद बघायला मागितला नाही. परत जाताना बसमध्ये त्यांनी वही उघडली आणि गुपिताचं अख्खं प्रकरण खोडलं. आपल्या मैत्रिणीचं दुःख आपण सगळ्या दत्तक घरांना चिकटवत होतो, हे त्यांना लख्ख दिसलं. लाज वाटली, आणि हलकंही वाटलं.

त्यानंतर त्या महिन्यातून दोनदा उत्तनला जाऊ लागल्या. एका वकीलबाईंकडून पालकत्वाचा जुना कायदा समजून घेतला, पुढे तो कसा बदलला तेही. पहिलं प्रकरण त्यांनी आयरिनच्या ओट्यावर वाचून दाखवलं. आयरिनने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "गोष्टीतली आई बरोबर लिवलीस. पन जुलै महिन्यात बोंबील कोन वाळवतो? कुजतील ना." ते प्रकरण ऑक्टोबरात सरकलं.

आयरिन आणखी एक काम करते, हे गिरिजाबाईंना उशिरा कळलं. ओळखीपाळखीत कुणी मूल दत्तक घ्यायला निघालं की लोक त्यांना तिच्याकडे पाठवतात. गेल्या महिन्यात ती गिरिजाबाईंना घेऊन जवळच्या मोरवा गावी गेली. तिथल्या रोशन आणि इशिता या जोडप्याने तीन वर्षांपूर्वी दत्तकासाठी नाव नोंदवलं होतं. आता संस्थेकडून दहा महिन्यांच्या एका मुलीसाठी बोलावणं आलं होतं. घर आरशासारखं पुसलेलं, आणि दोघांचे चेहरे उतरलेले.

इशिताने बराच वेळ इकडचं तिकडचं विचारलं. शेवटी खाली बघत म्हणाली, "मावशी, तिने मला आई मानलंच नाही तर?"

आयरिनने तिचा हात आपल्या खरखरीत हातात घेतला. "क्लेअर आली त्या दिवशी ती सारखी रडत होती. मला काय सुचंना, मीबी रडले. मंग दोघींना भूक लागली. मी पेज केली, अर्धी तिने खाल्ली, अर्धी मी."

इशिता हसली, डोळे पुसले, आणि दहा महिन्यांच्या मुलीला पेज किती पातळ लागते ते विचारू लागली.