तडकलेल्या फळ्याखालच्या तीन ओळी

केवळराम गहाणे मला पहिल्यांदा दिसला तो माझ्या शाळेचा फळा डोक्यावर घेऊन चाललेला. १९९९ चा जून. बदली होऊन मी त्या गावात आले त्याला आठवडासुद्धा झाला नव्हता. मी मागून ओरडले, "ओ भैया, किधर ले जा रहे हो?" मी गोंदियाची पोरगी, राग आला की तोंडातून आधी हिंदीच निघते.

तो थांबला. फळा अलगद खाली टेकवून म्हणाला, "मधातून तडकला आहे, मॅडम. जुन्या गुरुजीनं देल्ला."

"आणि करणार काय याचं?"

"पाळी लिवतो."

कसली पाळी ते मला संध्याकाळी कळलं. अर्जुनी मोरगावच्या पुढे गेलं की गावागणिक तलाव आहेत. आमच्या गावचा तलाव केवळरामच्याच कोहळी जातीच्या पूर्वजांनी बांधलेला. धानाला पाणी लागलं की ते शेतामागून शेताला, पाळीपाळीनं द्यायचं, आणि देणारा गावानं नेमलेला एकच माणूस, पाणकर. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, पाणी सोडायचं दार असतं, त्याला तुडूम म्हणतात. त्याचा खुंटा कधी उपसायचा, कधी ठोकायचा, हे पाणकराच्या हातात. वडिलांचे गुडघे गेल्यावर ते काम केवळरामकडे आलं. तू करतोस का, असं त्याला कोणी विचारलं नव्हतं.

त्या कामाला एक अट होती. पहिलं पाणी सुटलं की धान पिकेपर्यंत पाणकरानं गावची शीव ओलांडायची नाही. बाहेर कोणाबरोबर गेला, त्याचा चहा प्याला आणि मग त्याच्या शेताला तासभर जास्त पाणी गेलं, असं कोणी म्हणायला नको. म्हणून चार महिने केवळराम पाळीवरच्या झोपडीत. सासरा वारला तेव्हा त्याची बायको सुमित्राबाई एकटीच माहेरी गेली. त्याच्या आईला श्रावणात नागऱ्याच्या महादेवाला जायचं होतं. दर वर्षी तो म्हणायचा, "पानी बंद झालं की नेतो." पाणी बंद व्हायचं तेव्हा श्रावण संपलेला असायचा. ती तशीच गेली.

बारावी शिकलेला हा माणूस वाचनाचा भारी वेडा. भज्याखालचा कागदही तेल निपटून वाचायचा. माझ्याकडे पुस्तकांची एक पेटी होती, ती त्यानं दोन पावसाळ्यांत फस्त केली. मग झोपडीला टांगलेल्या फळ्याचं निराळंच सुरू झालं. तडा आडवा गेला होता. वरच्या भागात आठवड्याची पाळी, म्हणजे कोणाचं शेत कोणत्या वारी. तड्याखाली तीन ओळी: विचार, वाचावे, ऐकावे. दर सोमवारी नव्या.

एका सोमवारी विचार होता, "एका वेळी एकच काम करा, म्हणजे ते काम तुम्हाला ओळखू लागेल." वाचावे: "चौथीच्या पुस्तकातला सातवा धडा, मोठ्यांनीसुद्धा." ऐकावे: "हिरालालच्या आजीची रोवण्याची गाणी. ती थकण्याआधी." खरं सांगते, मी बीएड केलेली बाई, पण त्या शेवटच्या ओळीनं माझी मान खाली गेली. मी हिरालालच्या घरी गेले, म्हातारीची बारा गाणी उतरवून घेतली. पुढच्या वर्षी ती नव्हती.

पाळी बघायला तर सगळ्यांनाच यावं लागे, त्यामुळे खालचं आपोआप वाचलं जाई. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना माझी पोरं वाचून दाखवायची. कोणी रेडिओवरची मुलाखत ऐकायला लागलं, कोणी बिडी सोडली, दोन भाऊ सहा वर्षांनी एकमेकांशी बोलले. मला कोण अभिमान! खडू मीच पुरवायचे. बाहेरून कोणी आलं की त्याला आधी पाळीवर घेऊन जायचे, जणू फळा मीच लिहीत होते.

पण गावानं त्या ओळी डोक्यात भरून ठेवल्या होत्या, आणि वेळ आली की त्या केवळरामलाच परत मिळायच्या. २००४ मध्ये त्यानं पाणकरकी सोडायची गोष्ट काढली. गावचे पाटील श्यामलाल कापगते हसत म्हणाले, "मांगच्या सोमवारी तूच लिवला ना, बाबू? हातचं काम अर्धं सोडनारा कुठंच पोचत नाई." सगळे हसले. केवळरामही हसला. २००६ मध्ये त्याच्या मावसभावानं नागझिऱ्याच्या जंगलात पर्यटकांना फिरवायच्या कामाला बोलावलं. तेव्हा दुसरी ओळ पुढे आली. स्वतःच्याच अक्षरात स्वतःला बांधून घेतलेला असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

२००९ च्या भादव्यात मी पेपरात वाचलं की अर्जुनीच्या एका वाचनालयात मदतनीस पाहिजे. दिवसभर पुस्तकांत राहायचं आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. मी त्याला न विचारता अर्ज भरला, खाली त्याची सही तेवढी घेतली. मुलाखत सोमवारी अकरा वाजता. धान गर्भात आलेलं, पाण्याची सगळ्यात जास्त ओढ तेव्हाच असते. "बेचाळीस वर्षांचा झालास," मी म्हटलं, "यानंतर कोणी बोलावणार नाही." त्या दिवशी त्यानं सदऱ्याची तुटलेली बटणं लावून घेतली.

रविवारी सकाळी पाळीवर गाव जमलं. मी ठासून बोलले. श्यामलाल पाटलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि केवळरामकडे वळले. "एका वेळी एकच काम, असं तूच लिवलं होतं. आता दोन डोंग्यांवर पाय कायले ठेवून राहिला? आन् तू शीव ओलांडली तं पानी कोन सोडंल?"

केवळराम खाली बघत उभा. माझं डोकं तापलं होतं, मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून सुमित्राबाई बोलली.

"मी सोडीन."

बायका हसायला लागल्या. ती हसली नाही. "चार वर्सं झाली, मीच सोडून राहिली. हे पुस्तकात डोस्कं घालून बसते, यायले पाळी संपल्याचं भानच राह्यत नाई. खुंटा मी ठोकतो, मी उपसतो. सांगा, कोनाचं पानी कमी पडलं?"

एकाग्रतेवर गावाला आठ-नऊ वर्षं शिकवणाऱ्या माणसाचं लक्ष तुडुमावर नव्हतंच, आणि कोणाच्या शेताला थेंबभरही फरक पडला नव्हता. श्यामलाल पाटलांनी चार जणांकडे पाहिलं. कोणालाच तक्रार सापडेना. शेवटी ते म्हणाले, "बाई पानकर कोनी पायली नाई. पन पानी तं बरोबर आलं." मग केवळरामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाय बाबू. आता कोनी अडवत नाई."

मला रडू आलं, लाज कशाला बाळगू. दहा वर्षांनी दार उघडलं होतं.

सोमवारी सकाळी मी त्याच्याबरोबर निघाले. शीव म्हणजे आमच्याकडे नाल्यावरचा रपटा, बिनकठड्याचा बुटका पूल. पलीकडे मोहाचं झाड, त्याखाली बस थांबते. केवळरामनं इस्त्रीचा सदरा घातला होता, पिशवीत प्रमाणपत्रं. रपट्याच्या मधोमध तो थांबला. मला वाटलं चपलेत खडा गेला.

"चल ना. बस दिसतेय."

"मॅडम, तिथं मी कोन राहीन?"

"मदतनीस. आणखी कोण?"

"कपाटं पुसीन. ज्याले पायजे त्याले पुस्तक काढून देईन. काय वाचावं ते मले कोनी विचारनार नाई. तिथं सगळेच वाचनारे." तो पाण्याकडे बघत होता. "इथं मी लिवतो तं गाव थांबते. श्यामलालनं दर वेळी अडवलं तं मले बरं वाटे, मॅडम. काल अडवलं नाई, तं आता कोनाचं नाव सांगू?"

बस मोहाखाली उभी राहिली. कंडक्टर दारातून बघत होता. मी त्याचा दंड धरला, ओढला. रस्त्यावर उभं राहून त्याला नाही नाही ते बोलले. डरपोक म्हटलं, ढोंगी म्हटलं, तुझ्या आईला नागऱ्याला नेलं नाहीस तेही पाण्यामुळे नव्हे म्हटलं. ते बोलायला नको होतं. त्यानं दंड सोडवून घेतला नाही, एक पाऊलही पुढे टाकलं नाही. घंटी वाजली आणि बस गेली.

आम्ही परत आलो तेव्हा सुमित्राबाई कमरेएवढ्या पाण्यात खुंटा उपसत होती. तिनं आमच्याकडे पाहिलं. त्याचा सदरा तसाच कोरा, चपलांना धूळही धड नव्हती. तिला काय ते कळलं. "कायले आले?" एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा खुंट्याला भिडली. सगळ्या गावासमोर तिनं त्याच्यासाठी रीत मोडली होती, ते वाया गेलं होतं. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

मी त्याच्याशी महिनाभर बोलले नाही. खडूही पाठवले नाहीत. फळ्यावर पाळी येत राहिली, पण तड्याखाली काही नाही. माणसं येत, आपलं नाव बघत, खाली नजर टाकत आणि जात. कोणी विचारलं, "काऊन लिवत नाई?" तर तो म्हणे, "खडू संपला."

कार्तिकात तलावाचं शेवटचं पाणी सुटलं. त्या सोमवारी शाळेतली पोरं धावत आली, "मॅडम, लिवलं!" मी नाही नाही म्हणत गेले. वर पाळी त्याच्याच अक्षरात होती, पण या वेळी खाली पाणकराचं नावही होतं: सुमित्राबाई गहाणे. तड्याखाली 'वाचावे' रिकामं. 'ऐकावे'पुढेही काही नाही. फक्त पहिली ओळ भरलेली होती.

"विचार: मला शिवेवरून कोणी परत आणलं नाही. मीच आलो."

श्यामलाल पाटील माझ्या शेजारी उभे होते. माझ्याकडून त्यांनी ती ओळ दोनदा वाचून घेतली, काठी उचलली आणि घराकडे गेले. केवळरामची एकूण एक ओळ गावानं कधी ना कधी त्याच्या तोंडावर मारली. ही मात्र पाटलांकडून किंवा दुसऱ्या कोणाकडून मी पुन्हा कधी ऐकली नाही.