पूर्णिमाच्या मनगटातला दोरा

कात्री माझी होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की आक्काताईनं मालुबाईचं सगळं सांगितलं आणि स्वतःचं गिळून टाकलं.

सीमाभागातल्या वडगावात आमची गल्ली विणकरांची. मागांची खटखट थांबली तर माणसं काळजीनं बाहेर येऊन बघतात. माझं मात्र शिलाई मशीन. साड्यांना फॉल-पिको करते, ब्लाऊज शिवते. समोरचं घर मालुबाईचं. चार माग आणि एकुलता एक मुलगा नागेंद्र. तिचा नवरा परशराम २०१८च्या दिवाळीनंतर गेला, तेव्हा नागेंद्र लाओस देशात होता. एका कापड कारखान्यानं त्याला माग बसवायला तिकडं नेलं होतं आणि त्यानं तिथंच लग्नही केलं होतं. हा देश कुठं आहे हे आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. थायलंडच्या पलीकडं, मोठ्या नदीच्या काठी, एवढंच कळलं. बापाचे दिवस करायला तो आला तो बायकोला घेऊनच.

मुलगी ठेंगणी, गोल चेहऱ्याची, नेसायला काठाचं घट्ट लुगडंवजा वस्त्र. तिच्या दोन्ही मनगटांत पांढरे सुती दोरे होते, एकावर एक, चार बोटं उंच. तेरावा उरकल्यावर कासाराला बोलावलं. नवी सून, हिरवा चुडा भरायचा. बांगड्या दोऱ्यांवरून चढेनात. मालुबाई दाराआडून म्हणाली, “घरात एकीचे हात मोकळे झाल्यात, तेवढं बास हाय. सवाष्णीच्या हातात पांढरं कशाला? काढ गं ते, आक्काताई.”

तीसेक गाठी एकेक करून सोडत बसायला कुणाला वेळ होता? मी घरातून कात्री आणली आणि कचाकच कापायला लागले. मुलीनं हात ओढून घेतला, तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. नागेंद्र बाहेर सोप्यात पाहुण्यांत बसला होता. त्यानं ऐकलं आणि मान फिरवली. मी तिचा हात धरून ठेवला. किती घट्ट धरला होता, ते अजून आठवतं.

ती रडली नाही. खाली बसून सगळे तुकडे तिनं वेचले आणि कमरेला खोचले. मग ताटात तांदूळ पसरून नागेंद्रनं तिचं नवं नाव लिहिलं. मूळ नाव चंथी. त्यात चंद्र आहे म्हणे, म्हणून पूर्णिमा.

पूर्णिमा भाषा पटकन शिकली. वर्षात आमच्यासारखं बोलायला लागली, भाजीवाल्याशी कानडीत घासाघीसही करायची. पण तिची जीभ जेवणात अडली. तिच्याकडं भात चिकट असतो. बांबूच्या टोपलीत वाफवतात आणि त्याचा लहान गोळा वळून, चटणीला लावून खातात. इथला तांदूळ तिनं रात्रभर भिजवून बघितला, साडीच्या फडक्यात बांधून वाफवून बघितला. गोळा काही वळेना. मालुबाई म्हणायची, “भात हाय का लाडू, वळत बसायला?” एकदा पूर्णिमानं बारीक मासळी मीठ आणि कोंड्यात घालून बरणी मागाच्या मागं लपवली. त्यांच्याकडं वर्षभर मुरवतात, त्याशिवाय कालवणाला चव नाही. तिसऱ्या आठवड्यात गल्लीत कुणाच्या तरी घरात उंदीर मेलाय म्हणून शोध सुरू झाला. मालुबाई बनशंकरीची भक्त, मासळीला शिवायची नाही. बरणी गटारात गेली आणि घर दोनदा धुतलं गेलं. आम्ही हसलो. मी जास्त हसले.

एका शुक्रवारी जोगतीण आली. पूर्णिमा आंघोळ करून, खांद्यावर पंचा टाकून दारात गुडघे टेकून बसलेली. तिनं तांदळाची चिमूट कपाळाला लावली आणि दोन्ही हातांनी जोगतिणीच्या परडीत घातली. तिच्या गावात बायका रोज पहाटे अशा रस्त्याकडेला बसतात, भिक्षू ओळीनं येतात, आणि देणारीनं घेणाऱ्यापेक्षा खाली बसायचं असतं. आमची जोगतीण बिचारी दोन पावलं मागं सरली. तिला आयुष्यात कुणी असं वाढलं नव्हतं.

आता खरी गोष्ट. आमच्यात घरजावई म्हटलं की माणूस मान खाली घालतो. त्यांच्यात उलट. लग्न झालं की जावई सासुरवाडीला राहायला जातो. थोरल्या मुली यथावकाश वेगळ्या होतात आणि धाकटी आईबापांपाशी राहते. त्यांना शेवटपर्यंत बघते, घरही तिलाच मिळतं. पूर्णिमा धाकटी होती. नागेंद्र दोन वर्षं तिच्या आईच्या घरात, खांबांवरच्या त्या लाकडी घरात राहिला होता. घराखाली सावलीत आईचा हातमाग होता, शेजारी म्हैस बांधलेली असायची. तीन महिन्यांत परत येतो, असं आईला सांगूनच तो तिला घेऊन निघाला होता.

हे सगळं त्या शहाण्यानं एका दुपारी भाकरी खाता खाता मालुबाईला सांगितलं. मालुबाईनं ऐकून घेतलं, हात धुतले, सुनेचा पासपोर्ट कपाटातून काढून ट्रंकेत टाकला आणि किल्ली गळ्यातल्या काळ्या गोफात ओवली. मला म्हणाली, “नवरा गेला. आता ल्योक बी दुसऱ्याच्या घरात देऊ व्हय?”

मालुबाई दुष्ट नाही. पूर्णिमाच्या बाळंतपणात तिनं चाळीस दिवस शेक-शेगडी केली, नातीला, तेजस्वीला, खाली ठेवलं नाही. पण ती भ्यालेली होती आणि भ्यालेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. नागेंद्रचं काय सांगू? माग बिघडला तर कोपरापर्यंत हात घालील. घरात काही बिघडलं की चप्पल घालून बाहेर. पूर्णिमानं विचारलं की म्हणायचा, “आईला इचार.” आईला विचारलं की ती म्हणायची, “बघू.” मग करोना आला. बघू-बघूत सात वर्षं गेली.

गेल्या श्रावणात तिच्या बहिणीचा फोन आला. आईला अर्धांगवायू झाला होता. जीभ जड झालेली, तरी रोज सकाळी एकच विचारायची, चंथी आली का. डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत. पूर्णिमा मालुबाईच्या पायाशी बसली. “आत्ती, पंधरा दिवस. तेजूला हितंच ठेवून जातो. माझी आई हाय ओ.”

मालुबाई चाकावर कांडीला सूत भरत होती. चाक थांबवलं नाही. “बघू,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पूर्णिमा माझ्याकडं ब्लाऊज घेऊन आली आणि मशीनशेजारी नुसतीच बसून राहिली. मला राहवलं नाही. म्हटलं, “रडून तरी घे गं.” तिनं पिशवीतून भाताची एक छोटी बांबूची टोपली काढली. झाकण उघडलं. आत मी कापलेले दोरे होते. सात वर्षं जपलेले, पिवळट पडलेले.

“आक्का, माणसाच्यात बत्तीस ख्वान असत्यात,” ती म्हणाली. “जीवच म्हणा, बारीक बारीक. माणूस लांब निघाला की त्येंच्यातलं काय मागं ऱ्हात्यात, काय वाट चुकत्यात. म्हणून सगळी मिळून त्यास्नी बोलवत्यात आणि हाताला दोरं बांधून ठेवत्यात. पयला आईनं बांधला. मग मावश्या, शेजारी. तीन दिवस तरी ठेवायचं. मग हातानं सोडायचं. कापायचं न्हाय. कापलं की ती सुटत्यात, माघारी येत न्हाईत.”

मी मशीनच्या चाकावरचा हात काढला. सात वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की ते दोरे कसले.

“तुमाला म्हाईत नव्हतं,” ती म्हणाली. “पन तवापास्नं मी तिथंबी न्हाय आणि हितंबी न्हाय.”

टोपली ती माझ्याकडंच ठेवून गेली होती. त्याच संध्याकाळी मी ती उचलली आणि समोर गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू. ख्वान, बत्तीस, सगळं सांगितलं. मालुबाईचा चेहरा हलला नाही. तिला जीव-बिव काही पटलं नसावं. पण टोपलीचं झाकण काढून मी तुकडे तिच्या मांडीवर ओतले, तेव्हा मात्र तिचा हात आपोआप पुढं आला. जन्म मागावर गेलेली बाई. तुटलेला धागा दिसला की माग थांबवायचा, सांधायचा, मगच पुढं जायचं, एवढंच ती लहानपणापासून शिकलेली.

“हे तवाच सांगाया नको व्हय कुणी?” ती म्हणाली. कुणाला म्हणाली, कळलं नाही.

सकाळी मला हाक आली. मालुबाई सोप्यात चटईवर बसली होती. तुकड्यांची टोकं जुळवून, बोटाला थुंकी लावून, ती विणकरी गाठ मारत होती, ती बारीक गाठ, जी मागाच्या फणीतून सहज निघून जाते आणि झटक्याला दाद देत नाही. एक झाला की दुसरा. सगळ्या तुकड्यांचा एक लांब दोरा झाला. पूर्णिमाला समोर बसवून तिनं तो तिच्या उजव्या मनगटाला घट्ट वेढे देत गुंडाळला, शेवटची गाठ मारली आणि म्हणाली, “जा. आईला भेट. लेकरू सांभाळतो मी. तू माघारी ये, न्हाय आलीस तरी माझी तक्रार न्हाय.” एवढं बोलणं तिला किती जड गेलं, ते मी बघत होते.

मग तिनं गळ्यातली किल्ली काढली, ट्रंक उघडली, पासपोर्ट काढून सुनेच्या हातात दिला. पूर्णिमानं तो उघडला आणि तशीच बघत राहिली. नागेंद्रनं घेऊन बघितला. मुदत संपून आठ महिने झाले होते.

मुदत म्हणजे काय हे मालुबाईला समजावून सांगावं लागलं. सरकारी कागद कुलपात ठेवला तरी शिळा होतो, हे तिच्या डोक्यात शिरेना. पुढचं सगळं परदेशी माणसांची नोंद ठेवणाऱ्या ऑफिसातल्या माणसानं सांगितलं. व्हिसासुद्धा करोनाच्या वर्षीच संपलेला, तो कुणी वाढवला नव्हता. नवा पासपोर्ट लाओसच्या वकिलातीतून, म्हणजे दिल्लीहून. तो आला की इथून बाहेर पडायची परवानगी वेगळी. पूर्णिमानं विचारलं, “किती दिवस?” तो म्हणाला, “महिने विचारा, मॅडम.” नागेंद्र त्या आठवड्यात दिल्लीला जाऊन कागद देऊन आला. सात वर्षांत पहिल्यांदा तो आईला न विचारता कुठं गेला.

पूर्णिमानं फोनवर आईला मनगट दाखवलं. आईचा एक डोळा मिटलेला होता. तिनं दोरा ओळखला का, ते कळलं नाही. त्यानंतर बाराव्या दिवशी आई गेली.

जाळायला नेताना बहिणीनं फोन धरून ठेवला होता. मालुबाईनं चारही माग बंद केले. गल्लीतले लोक बाहेर येऊन बघायला लागले, तर तिनं सगळ्यांना हातानंच गप्प केलं. पूर्णिमा कांड्यांच्या ढिगाशेजारी बसून त्या छोट्या पडद्यात आईला जळताना बघत होती. मला तिथं उभं राहवेना, आणि निघून जायचीही लाज वाटली.

आठवड्यानं ती माझ्याकडं आली. “आक्का, आईच्या अस्थी देवळाच्या आवारात ठेवनार हाईत. माझं जाणं काय हुईना. ह्यात आईनं बांधलेला दोराबी हाय. ह्यो तरी तिच्याजवळ ऱ्हाऊ दे. पोस्टानं धाडतो. फकस्त हातानं सोडून द्या.”

मी तिचा हात मांडीवर घेतला, या खेपेला सैल. नखानं करून बघितलं. बारीक सुई घातली. चष्मा पुसून पुन्हा घातली. दोऱ्यावर तेलाचा थेंब सोडला. तासाभरानं मालुबाईला बोलावलं. तिनं गाठ बोटानं चाचपली, नखानं टोकरली, शेवटी वाकून दातात धरली. गाठ जागची हलली नाही. ती मारतातच मुळी सुटू नये म्हणून.

मालुबाई दोरा दातातून सोडून मागं बसली. “माझ्याच हातची,” म्हणाली, “आन मलाच सुटंना.” परशराम गेल्यावर रडली नव्हती, ती तेव्हा रडली.

कात्री मशीनवर पडली होती. तिघींनीही बघितली. मी ती उचलून कापडांच्या चिंध्यांखाली सारली.

“ऱ्हाऊ द्या, आत्ती,” पूर्णिमा म्हणाली आणि उठून तेजूला शाळेतून आणायला गेली.

दिल्लीहून अजून काही आलेलं नाही. दोरा तिच्या हातात आहे. भांडी घासताना भिजतो, कांड्या भरताना वाळतो. पांढरा आता राहिलेला नाही.