मॉस्कोतला मार्चएंड

वर्षाच्या शेवटच्या अंकात छापलेली वर्षभराची लेखसूची म्हणजे त्या अंकातले नवे लेखच असं समजून मी ते सगळे दुसऱ्यांदा मोजले. एका वर्षाचे नव्हे, कपाटात होती तेवढ्या सगळ्या वर्षांचे.

अंक होते एका रशियन इतिहासविषयक मासिकाचे. त्या काळी औरंगाबादेत विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते नेमानं येत आणि कुणीही न उघडता नेमानं बाइंडिंगला जात. मी हंगामी अधिव्याख्याता. कोणत्या काळात कशावर किती लेख छापले याचं सांख्यिकी विश्लेषण करायचं. ते विभागाच्या चर्चासत्रात टिकलं तर पीएचडीची नोंदणी आणि नोंदणी झाली तर नोकरी पक्की, असं मार्गदर्शकांनी बजावलं होतं. रशियन मला अक्षरओळखीपुरतं येई. शेतकरी, क्रांती, भारत असले शब्द पाठ केलेले. लेख वाचायचेच नाहीत, मागची अनुक्रमणिका तेवढी मोजायची, एवढ्यावर माझं भागत होतं.

आलेख काढला तर दर डिसेंबरात लेखांचा डोंगर! माझे वडील तहसिलीत कारकून. मार्चअखेरीला उरलेलं अनुदान कसं उडवतात हे मी लहानपणापासून पाहिलेलं. म्हटलं, सापडले लेकाचे! उद्दिष्ट गाठायला हेही वर्षअखेरीला लेख कोंबतात. एवढे लेख असून डिसेंबरचा अंक बाकीच्यांइतकाच जाड कसा, ही शंका मला आली होती, नाही असं नाही. थंडीत आखूड लिहीत असतील, असं म्हणून मी ती मिटवली.

आता हा शोध कुणी पळवू नये ही काळजी. संशय होता तो ग्रंथालयात समोरच्याच टेबलावर बसणाऱ्या, रशियन शिकवणाऱ्या बाईंवर. एकदा त्या वाकून म्हणाल्या, "शेवटचा अंक बघताय का सर? तो जरा वेगळा असतो हं."

मी पटकन आलेखावर कोपर ठेवलं. हिला कळलं! दुसऱ्या दिवसापासून कागद घेऊन शहागंजातल्या एका हॉटेलात बसू लागलो. तिथला चहावाला आलेख बघून म्हणाला, "क्या उस्ताद, पहाडाँ बनारे क्या?" मी त्याच्याकडंही नीट निरखून पाहिलं.

चर्चासत्रात मी आलेख टांगला आणि मॉस्कोची लबाडी तासभर उघडी पाडली. मग बाईंनी हात वर केला. हातात डिसेंबरचा अंक.

"सर, यादीतला हा लेख जरा काढून दाखवता?"

मी पानं चाळली. पुन्हा चाळली.

"नाही सापडायचा. तो मे महिन्यात छापून झालाय. ही अख्ख्या वर्षाची सूची आहे. मी त्या दिवशी सांगणारच होते, पण तुम्ही कोपरच उचललं नाही."

हॉल हसला. मी मार्गदर्शकांकडं पाहिलं. ते सोयगावकडचे, पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या अमलात उर्दूतून शिकलेले. एरवी बोलणं अदबीचं, पण चिडले की थेट गावच्या बोलीवर यायचे.

"नोंदणीचं पुढल्या साली बघू," ते म्हणाले. "लेका, समद्या रशियावर संशय घेतलास, या बाईंवर घेतलास. जरा सोताच्या अकलेवर घ्यायला काय झालं व्हतं?"